काम खाली आलं, सही वरच राहिली

नमस्कार मंडळी. विषय दिलाय सत्तेचं विकेंद्रीकरण, म्हणजे अधिकार वरून खाली गावाकडे, शहराकडे देणं, शब्द जड आहे पण गोष्ट रोजचीच आहे. मी २६ वर्षं ग्रामसेवक होतो, तर तिथूनच सुरू करतो.

एका गावात अंगणवाडीचं छत गळत होतं, पोरं कोपऱ्यात सरकून बसायची, आणि ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे होते, खरंच होते! पण ते केंद्राच्या वित्त आयोगाचे बंधित पैसे, पाणी आणि स्वच्छता सोडून कशालाच लावता येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी असाच बांधून पाठवला, उरलेला ४० टक्के मोकळा, तो आमच्याकडे आधीच संपलेला. सरपंच ताई विचारायच्या, "भाऊ, पैसा गावाचा आहे ना, मग काहून नाही लावता येत जी?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दोन पावसाळे तसेच गेले.

आता कायदा बघा. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली, त्यात खाली सोपवायच्या कामांची यादी आली, पंचायतींसाठी २९ विषयांची आणि शहरांसाठी १८ विषयांची. वाचलं की वाटतं सगळं मिळालं. पण घटनेचं पंचायतींबद्दलचं कलम २४३जी नीट वाचा, तिथं राज्याचं विधिमंडळ अधिकार देऊ शकेल असं लिहिलंय, दिलेच पाहिजेत असं नाही. दिल्लीहून निघालेली गाडी मुंबईत थांबली ती अशी. आणि हे आपल्या महाराष्ट्रात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण घटनादुरुस्तीच्या ३० वर्षं आधी, १ मे १९६२ ला, आपल्याच पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीच्या शिफारशीवरून आपण जिल्हा परिषदा उभ्या केल्या होत्या, शाळा, दवाखाने, रस्ते सगळं त्यांच्याकडे.

नागपूर शहराचं सांगू का, तुम्ही रोज भोगता. रस्ता खराब झाला की पहिला प्रश्न हाच, लेआउट एनआयटीचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा आहे की महानगरपालिकेचा? नगरसेवक आपण निवडतो, पण कारभाराची सही आयुक्तांची, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं, बदलीही तेच करतं. २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, मग प्रशासक बसले आणि वर्षं निघून गेली, त्या काळात तुमच्या गल्लीतली नाली तुंबली तर जाब कोणाला विचारायचा होता सांगा! पैशाचंही तेच. पूर्वी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, मनपाची स्वतःची होती, मग तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही गेला. आता राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही, पण कमाईची चावी हातातून गेली हे खरं आहे.

होऊ शकतं का पण? होऊ शकतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा लेखा आहे, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला, पण बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनविभागाकडेच. म्हणजे जंगल गावाचं आणि गेटपास साहेबाचा. गावानं सोडलं नाही, लावून धरलं, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर बांबूचा लिलाव ग्रामसभा करू लागली, पैसा गावात येऊ लागला. २००९ ते २०११, फरक फक्त त्या एका पुस्तकाचा होता, म्हणून मी नेहमी विचारतो, अधिकार दिला म्हणता तर पुस्तक कोणाकडे आहे?

म्हणून माझं मागणं साधं आहे. बंधित निधीचा वाटा कमी करा, गावाला काय हवं ते ग्रामसभेला ठरवू द्या, चूक झाली तर ऑडिट आहेच ना. आणि शहरात आयुक्तांच्या कामाचा हिशोब निवडून आलेल्या सभागृहाला मागता आला पाहिजे, नुसती चर्चा करून उठायचं असं नको.

आता प्रश्न घेतो. ताई, तुम्ही मघापासून हात वर करून राहिल्या, बोला.