हेडवर कमी, कॅबवर जास्त: बेस गिटारचा डबा निवडताना

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यातले अर्धे जण इथून सरळ रिहर्सलला जाणार आहेत. बेस गिटारच्या सेटअपसाठी पैसे जमवले असतील तर त्यातला मोठा वाटा कॅबवर, म्हणजे स्पीकरच्या डब्यावर घाला, हेडवर, म्हणजे त्याला पॉवर देणाऱ्या ॲम्पवर नको, आणि पहिला कॅब घ्याल तो ८ ओहमचाच घ्या (ओहम म्हणजे कॅबचा विजेला होणारा विरोध). आता का, ते बोलू.

दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न काय असतो, किती वॅटचा आहे. ३०० आणि ६०० असे दोन हेड समोर ठेवले तर ६०० वाला दुप्पट वाजणार असंच वाटतं, पण वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कळतो वाढलेला पण फार नाही. कानाला खरोखर दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट लागतात दहापट. आता कॅबच्या मागे किंवा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. एका कॅबचा ९७ आहे आणि दुसऱ्याचा १०० आहे तर तो दुसरा कॅब घेणं म्हणजे हेड दुप्पट वॅटचं घेतल्यासारखंच झालं, आणि हा आकडा कोणी बघतच नाही राव, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाशिकच्या माणसाला हे पटवायला जड जाऊ नये. आपल्या ढोलपथकाला आवाज वाढवायचा असेल तर ते काय करतात, ढोल वाढवतात, एकाच ढोलावर दुप्पट जोराने टिपरू मारत नाहीत. जास्त पानं, जास्त हवा हलते. बेसचंही तसंच आहे, हवा हलवायला कोनचं, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं, क्षेत्रफळ लागतं. म्हणून त्याच हेडला अगदी तसाच दुसरा कॅब जोडून त्याला लागून ठेवला तर खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत वाढतात, थोडं हेड जास्त पॉवर देतं म्हणून आणि थोडं दोन्ही कॅब मिळून हवा ढकलतात म्हणून.

हेड जास्त पॉवर देतं म्हणजे काय, तर इथे ओहम आला, ओहम जितके कमी तितकी पॉवर हेड जास्त देतं. सातपूर-अंबडला इलेक्ट्रिकल कंपन्यांत काम करणारे असतील त्यांना हे पाठ असेल, बाकीच्यांनी नीट ऐका कारण हेड जळतात ते इथेच. ८ ओहमचे दोन कॅब जोडले की लोड होतो ४ ओहम. ४ चे दोन जोडले की २. आणि एक ८ चा एक ४ चा असं कडबोळं केलं तर २.६७. कॅबच्या मागे दोन सॉकेट असतात, एकात हेडची वायर येते आणि दुसऱ्यातून पुढच्या कॅबला जाते, ते बघून बऱ्याच जणांना वाटतं की हे सिरीज आहे, म्हणजे एकामागून एक, तर नाही, आतून ते जवळजवळ नेहमी पॅरललच, म्हणजे समांतर, असतं. हेडच्या पाठीवर मिनिमम ४ ओहम लिहिलेलं असेल तर २.६७ चालणार नाही, सुरुवातीला वाजेलही छान, मग जोरात वाजवलं की हेड तापून प्रोटेक्शनला जाईल, म्हणजे स्वतःच बंद पडेल, नाहीतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील. आजकालची बरीच हेड ४ ओहमला ५०० वॅट देत असतील तर ८ ला साधारण २५० ते ३०० देतात. म्हणूनच म्हणतो पहिला कॅब ८ चा. ४ चा घेतलात तर पहिल्या दिवशी पूर्ण पॉवर मिळते खरी, पण दुसरा कॅब जोडायचा रस्ता तिथेच बंद.

आता चार दहा इंची स्पीकरचा कॅब आणि त्याच्याखाली एका पंधरा इंचीचा, ही जोडी खूप लोकांना आवडते, दिसतेही भारी. दहा इंची वरचं देतील आणि पंधरा खालचं देईल असा समज आहे. पण मधे वरचे आणि खालचे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाहीये, दोघांनाही सगळंच जातंय. दोन्ही ८ ओहमचे आणि हेडमधून ४०० वॅट निघतायत असं धरा, तर प्रत्येक कॅबला २०० जाणार. म्हणजे दहा इंची प्रत्येकाला ५०, आणि बिचाऱ्या पंधराला एकट्याला २००. तोच आधी फाटणार. शिवाय वेगळ्या जातीचे स्पीकर काही फ्रिक्वेन्सीला एकमेकांना मदत करतात आणि काहींना कापतात, ते कुठे होईल ते आधी सांगता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन घ्या, आज एक आणि पैसे जमले की दुसरा. आणि एकावर एक रचा, शेजारी शेजारी नको, उभं रचलं की आवाज दोन्ही बाजूंना सारखा पसरतो आणि वरचा स्पीकर तुमच्या कानाजवळ येतो.

सगळे स्पीकर एकसारखे ठेवायची पद्धत जुनी आहे. अँपेग ह्या अमेरिकन कंपनीचं एसव्हीटी १९६९ मधे आलं, ३०० वॅटचं ट्यूब हेड, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारं, आणि त्याच्या नावाशी जोडलेला तो प्रसिद्ध डबा म्हणजे दहा इंची आठ स्पीकर, हवेसाठी भोक (पोर्ट) नाही, पूर्ण बंद. आतला एकेक स्पीकर ३२ ओहमचा, आठ पॅरलल म्हणजे ४. आता तो डबा नाशकात तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढवायचा म्हणजे काय ते सांगायला नको, त्यामुळे निओडिमियम मॅग्नेटचे हलके कॅब घेतले तर मी कोणाला नावं ठेवणार नाही. फक्त लक्षात ठेवा, डबा लहान, सूर खोल आणि आवाज मोठा, ह्या तिन्हीतलं दोनच मिळतं, ते फिजिक्स आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

खोल सुरांवरून आठवलं. चार तारांच्या बेसची खुली ई ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची बी ३१ ची. बहुतेक कॅबचा आवाज ५०-६० हर्ट्झच्या खाली कमी होत जातो, आणि तरी आपल्याला ई ऐकू येते कारण त्याच सुरातले वरचे ८२, १२३ हर्ट्झ वगैरे ऐकून कान मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून बेसचं बटण पूर्ण फिरवून जे मिळतं ते सूर नसतो, नुसता कोन हलत असतो. कॅबवर ४०० वॅट लिहिलंय ते कॉइल जळायची मर्यादा आहे, इतक्या खाली कोन त्याच्या निम्म्या वॅटलासुद्धा टोकाला जाऊन आदळू शकतो. फडफड ऐकू आली की आवाज कमी करा, लगेच. हेडवर हायपास फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारा, असेल तर तो चालू ठेवा.

वायर. गिटारची केबल हेड आणि कॅबच्या मधे कधीही लावायची नाही, जॅक सारखाच दिसतो म्हणून घोळ होतो. तिच्यात मधे केसासारखी तार आणि भोवती जाळी, ती तापते, आतलं प्लास्टिक वितळून शॉर्ट झालं की हेड गेलं. स्पीकरची केबल म्हणजे दोन जाड तारा, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएम, आणि शक्य तिथे स्पीकॉन कनेक्टर लावा, फिरवून लॉक होतो, पाय अडकला तरी निघत नाही. दोन कॅब जोडल्यावर बेस एकदम पातळ झाला तर एकाची प्लस-मायनस उलटी आहे. ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून बघा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं की गणपतीत साऊंडवाल्याचे डबे असतातच, मग आपला कॅब कशाला न्यायचा. चांगला प्रश्न आहे. तिथे हेडच्या डीआय आउटमधून, म्हणजे मिक्सरसाठीच्या सॉकेटमधून, त्याच्या मिक्सरला द्या आणि स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यापुरता एक लहान कॅब पुरे. पण त्याच्या अठरा इंची सबला, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या डब्याला, आपलं हेड थेट लावू नका, नुसता गडगडाट येतो, बोटांचा आवाज येतच नाही. आणि डब्यात स्वतःचा ॲम्प असेल, म्हणजे त्याला लाईटची वायर जात असेल, तर हेडचं स्पीकर आउट त्यात चुकूनही घालायचं नाही, त्याचं इनपुट जाईल.

ट्यूब हेडचं कोणीतरी विचारत होतं. तिथे नियम वेगळा, मागे २, ४, ८ असं सिलेक्टर किंवा सॉकेट असतं ते कॅबशी जुळवायचं, आणि कॅब न लावता चालू करून वाजवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरच्या आणि क्लास डी (आजकालच्या हलक्या) हेडला कॅब नसला तरी सहसा काही होत नाही.

शेवटचा प्रश्न, कॉलेज रोडच्या रिहर्सल रूममधे एक फोर-टेन, म्हणजे चार दहा इंचीचा कॅब, पडलेलाच आहे, लेबल पुसलंय, त्याला माझा जोडू का. मल्टिमीटर घेऊन जा, कॅबची केबल हेडमधून काढा आणि तिच्या मोकळ्या टोकाला ओहम मोजा. मीटर नेहमी लिहिलेल्यापेक्षा कमी दाखवतो, सहाच्या आसपास आला तर तो ८ चा, तीन-साडेतीन आला तर ४ चा. ८ चा निघाला, तुमचाही ८ चा असेल आणि हेड ४ ला चालत असेल तर बिनधास्त जोडा, फक्त दोन्ही जुळतात का ते कानाने बघा. ४ चा निघाला तर दोन्हीतला जो चांगला वाजतो तो एकटाच लावा.