लांबच्या प्रवासाला निघताना चाकात हवा किती?

श्रोतेहो, नमस्कार.

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा नळी हातात घेऊन विचारतो, "कितली घालू?" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "पुढे २५, मागे ३०." मागे कोणी बसणार आहे का, सामान किती आहे, जायचे कुठे आहे, याचा त्या उत्तरात काही विचार नसतो. रोज म्हापशाहून पणजीला कामावर जायचे असेल तर त्यावर भागून जाते. पण दोन्ही बाजूंना बॅगा लावून, मागे बायकोला किंवा मित्राला बसवून चोर्ला घाटातून बेळगाव आणि तिथून पुढे हंपीला जायचे असेल, तर हा सवयीचा आकडा धोक्याचा ठरू शकतो. म्हणून आज मी फक्त मोटारसायकलच्या चाकातल्या हवेविषयी बोलणार आहे.

पहिली गोष्ट, आकडा शोधायचा कुठे? तो टायरवर शोधू नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत जो दाब छापलेला असतो तो बहुधा कमाल दाब असतो, म्हणजे तो टायर जास्तीत जास्त भार वाहणार असेल तेव्हाचा. तुमच्या गाडीसाठीचा आकडा गाडीच्या कंपनीने ठरवलेला असतो. तो चेन कव्हरवर, स्विंग आर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा सीटखाली एका स्टिकरवर सापडेल. स्टिकर निघून गेले असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात नक्की असेल. तिथे बहुतेक वेळा दोन ओळी दिसतात, एक एकट्या चालकासाठी आणि दुसरी मागे माणूस बसवल्यावर. पुढच्या चाकाचा आकडा दोन्ही ओळींत सारखा किंवा थोडासाच वेगळा असतो, मागच्या चाकाचा मात्र ३, ४ पीएसआयने वाढतो. पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक, पंपावर आपण सांगतो ते आकडे याचेच. परदेशी बनावटीच्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर पुढे ३६ आणि मागे ४२ असे आकडे असतात. तसे आकडे ऐकून कोणी आपल्या साडेतीनशे सीसीच्या गाडीत ४२ भरू नये. त्या गाडीचे वजन वेगळे आणि टायरही वेगळा.

मागचाच आकडा का वाढतो, ते समजून घ्या. मागे बसणारे माणूस ६० किलोचे, बॅगा आणि त्यावर बांधलेली ताडपत्री मिळून २० किलो, म्हणजे गाडीवर ८० किलो जास्त आले. त्यातले बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. टायरवर मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ६१ पी. यातला ६१ म्हणजे हा टायर २५७ किलो भार पेलू शकतो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग त्याला चालतो. पण ही २५७ किलोंची ताकद रबराची नसते. ती आत कोंडलेल्या हवेची असते, आणि टायर पूर्ण दाबावर असेल तरच मिळते. हवा कमी, तर टायरची भार पेलण्याची ताकदही कमी. कमी हवेवर टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात, आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या महामार्गावर, भरलेल्या गाडीने, तासन्‌तास हे चालू राहिले की टायरचे थर सुटू लागतात. लांबच्या प्रवासात टायर फुटला की आपण रस्त्याला किंवा खिळ्याला दोष देतो, पण बऱ्याचदा खरे कारण सकाळी निघतानाच चाकात असते.

आपल्याकडचे पायलट, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून रोज प्रवासी नेणारे, हे चांगले ओळखून असतात. मागच्या चाकाची हवा थोडी जरी उतरली तरी त्यांना हँडलमधून आणि कमरेतून कळते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने ही जाणीव त्यांच्याकडून घ्यावी.

एकटेच निघालात पण सामान ३०-४० किलोचे आहे, तर काय करायचे? तर दुसऱ्या ओळीतला आकडा घ्या. चाकाला माणूस आणि सामान यातला फरक कळत नाही, त्याला वजन कळते. सामान अगदी थोडे, म्हणजे १०-१५ किलो असेल, तर दोन ओळींच्या मधला आकडा धरायला हरकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा असतो. गार म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. हवा तापली की दाब वाढतो. ३० पीएसआयच्या आसपास, तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे फोंड्यात गार चाकात ३० दिसले, तर तासभर गाडी चालवल्यावर त्याच चाकात ३३ दिसतील. यात काही बिघडलेले नाही. टायरची रचना हे गृहीत धरूनच केलेली असते. बिघडते ते पुढे, कारण कोणीतरी पंपावर हा गरम आकडा पाहतो, "जास्त झाली" म्हणतो आणि हवा सोडून ३० करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच चाकात २७ उरतात. गरम टायरची हवा कधीही सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

पण पंप घराजवळ नसतो, तिथे पोहोचेपर्यंत टायर गरम होतो, मग गार टायरमध्ये हवा भरायची कशी? यावर सोपा उपाय आहे. स्वतःचे गेज, म्हणजे चाकातला दाब मोजायचे साधन, घ्या. पेनाच्या आकाराचे किंवा घड्याळासारखे, कोणतेही चालेल, पण कायम तेच वापरा. पंपापंपांवरच्या गेजमध्ये दोन-चार पीएसआयचा फरक असतो, आपले एकच गेज असले की निदान मोजमापात सातत्य राहते. पहाटे घराच्या पडवीत मोजा. समजा मागच्या चाकात २७ आहेत आणि पाहिजेत ३२. म्हणजे तूट ५ ची. आता पाच-सहा किलोमीटरवरच्या पंपावर जा आणि तिथे आपल्याच गेजने पुन्हा मोजा. चाक तापल्याने २९ दिसले, तर ३२ वर थांबू नका, २९ मध्ये ५ मिळवून ३४ करा. तूट तेवढी भरून निघाली, उद्या पहाटे बरोबर ३२ दिसतील. ही एवढी बेरीज पंपावरच्या मुलाला समजावून सांगावी लागते, तो आश्चर्याने पाहतो, पण भरतो. पेट्रोल पंपावर हवा मोफत असते, तेव्हा संकोच करू नका.

निवडलेला आकडा आपल्या ओझ्याला बरोबर आहे की नाही, हे पडताळण्याची एक रीत अनुभवी रायडर वापरतात. पहाटे गार चाक मोजायचे, मग तासभर नेहमीच्या वेगाने गाडी चालवून पहिल्या चहाला थांबलात की लगेच पुन्हा मोजायचे. वाढ साधारण दहा टक्के असावी. ३२ चे ३५ झाले, तर ठीक. ३७-३८ झाले, तर टायर गरजेपेक्षा जास्त वाकतो आहे, म्हणजे या वजनाला सुरुवातीची हवा कमी पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे एक-दोन पीएसआय वाढवून पाहा, मात्र टायरवरच्या कमाल आकड्याच्या आतच. वाढ जेमतेम एकाचीच असेल, तर हवा थोडी जास्त आहे, पण म्हणून स्टिकरवरच्या आकड्याखाली जायचे नाही. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. उन्हाचा, रस्त्याचा, वेगाचा परिणाम तीत मिसळतोच. तरी तुमची गाडी आणि तुमचे ओझे यांच्याविषयी तिच्याइतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही, असे माझे मत आहे.

आता पावसाविषयी, कारण आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसातच घाट पाहायला जायची ओढ लागते. "पावसात थोडी हवा कमी कर, पकड चांगली मिळते," हा सल्ला मी ठिकठिकाणी ऐकतो. तो चुकीचा आहे. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला फेकण्यासाठी असतात. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटू लागतात आणि पाणी चाकाखालून निघत नाही. चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, हे नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर अभ्यासून दाखवले. दाब चौथाईने घटला, तर तो वेग सुमारे १३ टक्क्यांनी खाली येतो. मोटारसायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असल्याने तो पाणी चांगले कापतो, त्यामुळे ही भीती मोटारीपेक्षा कमी असते, पण हवा कमी करून ती आपणच का वाढवायची? शिवाय पावसात टायर थंड राहतो, चालून चालून दाब जो वाढायचा तोही वाढत नाही. म्हणजे घरातून कमी हवेने निघालेला माणूस दिवसभर कमी हवेवरच राहतो.

पावसातल्या खड्ड्यांचेही असेच. तारांच्या चाकांत अजून बऱ्याच गाड्यांना ट्यूब असते. हवा कमी असताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळले, की रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चरवाल्याला खिळा सापडत नाही, ट्यूबला मात्र जोडीने भोके दिसतात, ती या कारणाने. आणखी एक खूण सांगतो. ट्यूबच्या चाकाचा व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर आलेला असतो. तो एका बाजूला कलला असेल, तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो आहे आणि ट्यूबला ओढतो आहे. तशा चाकाने लांबच्या प्रवासाला निघू नये. व्हॉल्व्ह मुळापासून फाटला तर हवा क्षणात जाते.

जास्त हवा भरण्याचे काय? तीही नको. रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, ब्रेक लावताना चाकाची पकड लवकर सुटते, टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि मग वळणावर गाडी अडखळत कलते. डिचोली-साखळीकडच्या रस्त्यांवर पावसात लाल चिखलाचा थर येतो, तिथे टणक फुगलेले चाक विशेष घसरते. उलट वाळूसाठी हवा कमी करावी असे सांगतात, पण आपल्या किनाऱ्यांवर गाडी नेणे कायद्याने बंद आहे, तेव्हा तो विचारच नको.

घाट चढल्यावर हवा बदलावी का, असे अनेकजण विचारतात. पणजी समुद्रसपाटीला, बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. वर गेल्यावर बाहेरच्या वातावरणाचा दाब कमी होतो, त्यामुळे गेज एक-सव्वा पीएसआय जास्त दाखवायला हवे. पण वर हवा थंडही असते, आणि आठ अंशांच्या गारव्याने दाब साधारण तेवढाच उतरतो. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. चोर्ला असो, अनमोड असो वा आंबोली, पणजीत नीट भरलेली हवा वर जाऊन बदलावी लागत नाही. लडाखची गोष्ट वेगळी. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे बाहेरचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा ५ पीएसआयने कमी. तिथे पहाटे गार चाक मोजून स्टिकरवरच्या आकड्यावर आणावे, ते बरोबरच. पण खाली उतरल्यावर, तिथल्या उकाड्याने दाब थोडा वाढला तरी, तीच हवा तीनएक पीएसआयने कमी भरते, हे परतीच्या घाईत विसरले जाते. उतरलात की मैदानातल्या पहिल्या पहाटे पुन्हा मोजा.

नायट्रोजनविषयी थोडेच सांगतो. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजन भरला तर तोटा नाही, पण वाटेत दाब कमी झाला आणि नायट्रोजन मिळत नसेल तर साधी हवा भरा. दोन्ही एकत्र चालतात. दाब कमी ठेवून नायट्रोजनच्या पंपाची वाट पाहणे हेच अयोग्य.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप जाते. म्हणून आठवड्यातून एकदा, आणि प्रवासात रोज पहाटे बॅगा बांधण्याआधी मोजावे. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर नवी लावा. समुद्राचा खारा वारा आणि लाल माती दोन्ही आपल्याकडे भरपूर, आणि उघड्या व्हॉल्व्हमध्ये ती जाऊन बसतात. भाड्याची गाडी घेणाऱ्या पाहुण्यांनाही हे सांगा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी ताब्यात घेताना आपण ओरखड्यांचे फोटो काढतो, तेव्हाच चाकाला गेज लावून घ्यावे.

प्रवास संपवून घरी आलात, बॅगा उतरवल्या, आता पुन्हा एकट्याने कामावर जायचे. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे, चाक गार असताना, मागची हवा पहिल्या ओळीतल्या आकड्यावर आणा. त्याच वेळी चाक हाताने हळूहळू फिरवून पूर्ण पाहून घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतलेला दिसला, तर तो तिथेच उपटू नका. हवा मोजा, आणि ती टिकून असेल तर खिळ्यासकट, सावकाश, जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा.