उद्याचे हवामान कोण सांगणार?

दूरचित्रवाणीवरचे वृत्तनिवेदक बदलतात आणि प्रेक्षक आठवडाभरात नव्या चेहऱ्याला सरावतात. हवामान सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत तसे सहजासहजी घडत नाही. दोन-तीन दशके रोज संध्याकाळी ज्याच्या तोंडून उद्याचा पाऊस आणि उद्याचा वारा ऐकला, तो ज्येष्ठ निवेदक निवृत्त होणार असे जाहीर झाले, की निरोपाच्या बरोबरीनेच वारसाची चर्चा सुरू होते आणि ब्रिटन-अमेरिकेत ती कित्येक दिवस चालते. गोव्यात हवामान बहुधा बातम्यांच्या शेवटी वृत्तनिवेदकच वाचून दाखवतो, त्यामुळे अशी चर्चा आपल्याला दूरची वाटू शकेल. पण वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या, समुद्र, शेती आणि बागायती यांवर हजारो चुली पेटणाऱ्या या राज्यात उद्याचे हवामान कोणी सांगावे, हा प्रश्न परका असूच शकत नाही.

या कामाची परंपरा कशी घडली, ते आधी पाहू. ११ जानेवारी १९५४ रोजी जॉर्ज काउलिंग हे ब्रिटनच्या हवामान खात्यातील अधिकारी बीबीसीच्या पडद्यावर नकाशाशेजारी उभे राहिले आणि कोळशाच्या पेन्सिलीने रेघा ओढत त्यांनी दुसऱ्या दिवसाचा अंदाज सांगितला. उद्या वारा आहे, धुतलेले कपडे वाळत घालायला दिवस चांगला आहे, असे त्यांनी त्यात सांगितल्याची आठवण आजही काढली जाते. वाऱ्याचा आकडा घरातल्या दोरीपर्यंत नेऊन पोहोचवण्याची ही रीत त्या पहिल्याच प्रसारणात सापडली, आणि ती सापडली ती स्वतः अंदाज बांधणाऱ्या माणसाला. पुढे अनेक दशके बीबीसीवर हवामान सांगणारी माणसे हवामान खात्यातूनच येत राहिली. १९७४ मध्ये बार्बरा एडवर्ड्स या तेथील दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, त्याही त्याच खात्यातल्या होत्या.

मायकेल फिश यांचे उदाहरण येथे सविस्तर सांगायला हवे. १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारी त्यांनी प्रसारणात एका प्रेक्षक महिलेच्या दूरध्वनीचा उल्लेख केला. चक्रीवादळ येत असल्याचे तिने ऐकले होते, आणि काळजी करू नका, तसे काही येत नाही, असे फिश यांनी सांगितले. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर प्रचंड वादळ कोसळले. ब्रिटनमध्ये अठरा माणसे दगावली आणि सुमारे दीड कोटी झाडे उन्मळून पडली. आपले ते बोलणे वेगळ्याच, फ्लोरिडाकडच्या वादळाविषयी होते, असे फिश पुढे सांगत राहिले; शिवाय त्या रात्रीच्या वादळाचा नेमका मार्ग आणि जोर संपूर्ण खात्याच्याच हातून निसटला होता. तरीही लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचाच चेहरा. तेवढे होऊनही फिश पडद्यावरून दूर झाले नाहीत. ऑक्टोबर २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी सतरा वर्षे, ते त्याच नकाशासमोर उभे राहून अंदाज सांगत राहिले. वारस शोधताना पारखायचा गुण हाच आहे, असे आमचे मत आहे. अंदाज चुकल्यानंतरच्या संध्याकाळी पुन्हा समोर येऊन काय चुकले आणि का चुकले हे सांगण्याची तयारी आणि तेवढे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच हाती ही जागा सोपवावी.

अमेरिकेतला वारसा वेगळ्या वळणाने गेला. एनबीसीच्या सकाळच्या ‘टुडे’ या कार्यक्रमात विलार्ड स्कॉट १९८० पासून हवामान सांगत आणि वयाची शंभरी गाठणाऱ्या प्रेक्षकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत. ते हवामानशास्त्रज्ञ नव्हते. त्यांचे बळ आपुलकीत होते. १९९६ मध्ये त्यांच्या जागी अल रोकर आले, तेव्हा प्रेक्षकांना धक्का बसला नाही, कारण स्कॉट रजेवर असताना त्यांची जागा रोकरच सांभाळत आणि तो आवाज आधीच घरोघरी ओळखीचा झालेला होता. स्कॉटही एकाएकी दिसेनासे झाले नाहीत. शुभेच्छांचा भाग त्यांनी पुढेही चालू ठेवला आणि २०१५ मध्ये ते पूर्णपणे निवृत्त झाले. वारस ज्येष्ठाच्या शेजारी राहून घडतो, ही यातली घेण्याजोगी गोष्ट आहे.

आता पणजीकडे येऊ. आल्तिनोच्या टेकडीवर भारतीय हवामान विभागाचे केंद्र आहे. गोव्याविषयीचा अधिकृत अंदाज आणि इशारे तेथून निघतात, आणि अरबी समुद्रावरचे ढग टिपणाऱ्या डॉप्लर रडारची जोड त्याला आहे. पण पावसाची नोंद अजूनही एका साध्या कृतीपासून सुरू होते. सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकात साठलेले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतले जाते. निरीक्षक ते पात्र डोळ्यांच्या रेषेत धरतो, काचेला चिकटून वर चढलेली पाण्याची कड सोडून मधला खोलगट तळ कोणत्या रेघेला टेकला आहे ते पाहतो आणि तो आकडा लिहून घेतो. देशभरच्या वेधशाळांत ही नोंद याच वेळी होते. त्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांत ‘गेल्या चोवीस तासांत’ पडलेला म्हणून जो पाऊस सांगितला जातो, तो त्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा असतो. दहा वाजता सुरू झालेल्या पावसाने दुपारी पणजीचे सखल रस्ते पाण्याखाली गेले असले, तरी ते पाणी त्या आकड्यात नसते, आणि प्रेक्षकाला वाटते की वेधशाळेला पाऊस दिसलाच नाही. जाणता निवेदक हे एका वाक्यात उलगडून सांगतो. नुसते वाचून दाखवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही.

इशाऱ्यांच्या रंगांचेही तसेच आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस ‘मुसळधार’ धरला जातो, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे ठरवताना या मापांबरोबर संभाव्य परिणामांचाही विचार होतो. पण इशारा निघतो जिल्ह्याचा, आणि माणूस राहतो वाड्यावर. गोव्याची रुंदी जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर, तेवढ्यात समुद्रसपाटीपासून सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत चढ आहे. समुद्रावरून आलेले बाष्प डोंगराला अडून वर ढकलले जाते, थंड होते आणि वाळपई, सांगे या भागांत किनाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक पाऊस पडतो. मुरगावात ऊन आणि सत्तरीत धो-धो पाऊस, हा अनुभव येथे कोणालाच नवा नाही.

शिवाय प्रत्येकाला हवा असलेला अंदाज वेगळा असतो. मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरमालकाला पावसापेक्षा वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची कळायला हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, म्हणून त्याच्या दृष्टीने खरे जोखमीचे महिने मे, आणि पुढे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचे. बातम्यांत मात्र हवामानाला वेळ मिळतो तो जून-जुलैत. काजूचा मोहोर आलेला असताना फेब्रुवारीतले ढगाळ दिवस सत्तरीतल्या बागायतदाराची झोप उडवतात. खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, करणाऱ्याला पावसाच्या जोडीने भरतीची वेळ हवी असते, कारण भरतीच्या वेळी मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, बंद असते आणि त्याच तासांत जोराचा पाऊस झाला, तर शेतातले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. हे सगळे दीड-दोन मिनिटांत बसवायचे असते. आज यांपैकी कोणाला अधिक गरज आहे हे ओळखून त्याच्यासाठी त्यातली तीस सेकंदे राखून ठेवणे, हे या कामातले सर्वांत अवघड कसब आहे, आणि ते चार पावसाळे काढल्याशिवाय येत नाही.

हे कसब किती महत्त्वाचे आहे, ते मे २०२१ मध्ये गोव्याने पाहिले. तौक्ते चक्रीवादळ १६ मे रोजी आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. गोव्यात दोन माणसांचा जीव गेला, झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली म्हणजे दूरचित्रवाणीही गेली. म्हणून हवामान सांगणाऱ्याचे काम वादळ येण्याआधीच संपलेले असते. छपरावरचे पत्रे बांधून घ्या, मोबाइल भरून ठेवा, होडी वर ओढा, हे त्याने आदल्या संध्याकाळी सांगितले आणि लोकांनी ते ऐकले, तरच उपयोग. लोक ऐकतात ते त्याआधीच्या शेकडो साध्या दिवसांत त्याने खरेपणाने सांगितलेले असते म्हणून. २ ऑक्टोबर २००९ रोजी, पावसाळा सरला असे वाटत असताना, काणकोणात काही तासांच्या पावसाने तळपण आणि गालजीबाग या नद्यांना महापूर आला होता. इतक्या लहान टापूत आणि इतक्या कमी वेळात कोसळणाऱ्या पावसाची जागा आधी अचूक सांगणे आजही कठीण आहे. ही मर्यादा न लपवता सांगणारा निवेदकच दुसऱ्या दिवशी लोकांसमोर उभा राहू शकतो.

मग कोणाला बसवावे? स्टुडिओत हे काम दिसते तेवढे सोपे नसते. निवेदकाच्या मागे हिरवा पडदा असतो, त्यावर नकाशा नसतोच. तो नकाशा त्याला बाजूच्या मॉनिटरवर दिसतो आणि तिकडे डोळे ठेवून त्याला मोकळ्या हिरव्या कापडावर पेडणे, डिचोली, सांगे अचूक दाखवावे लागते, तेही बोलणे न अडखळता. त्यामुळे वाहिन्या सरावलेल्या वृत्तनिवेदकाला पसंती देतात, हे समजण्यासारखे आहे. पण हात चालवण्याचा सराव काही महिन्यांत होतो; ढग वाचण्याचा होत नाही. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे आणि वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. समुद्र आणि हवा यांचा अभ्यास केलेली तरुण मुले-मुली गोव्यात आहेत. त्यांतल्या मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत सहज बोलणाऱ्या, गावांची नावे गावकरी घेतात तशी घेणाऱ्या मुला-मुलींना वाहिन्यांनी शोधून काढावे.

यंत्राचा पर्यायही आता समोर आहे. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी क्रिश आणि भूमी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन निवेदक आणले. ते न थकता बोलतात आणि पन्नास भाषांत बोलू शकतात, असे वाहिनीने सांगितले. लहान भाषांपर्यंत अंदाज पोहोचवायला अशा यंत्राचा मोठा आधार होईल, हे मान्य करायला हवे. मात्र चुकलेल्या अंदाजाचा जाब प्रेक्षक यंत्राला विचारत नाही. तो वाहिनीवरचा विश्वासच काढून घेतो.

राहिला प्रश्न हस्तांतराच्या वेळेचा, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नवा माणूस जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर आणून उभा करू नये. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात उठतात, म्हणून डिसेंबर ते मार्च हे शांत महिने शिकण्यासाठी योग्य. जानेवारीत नव्या निवेदकाने शनिवार-रविवारची प्रसारणे घ्यावीत, काजूच्या मोसमात तो रोज दिसू लागावा, आणि मे महिन्यात ज्येष्ठ निवेदकाने त्याच्या शेजारी बसावे. चक्रीवादळाची पहिली बातमी दोघांनी मिळून द्यावी. पावसाळाभर ज्येष्ठाने आल्तिनोहून येणाऱ्या हवामान-अंदाजातल्या शंका सोडवून द्याव्यात, आणि ऑक्टोबरच्या मध्याला मोसमी पाऊस गोव्यातून परतला, की मग निरोप घ्यावा.