आबा काल असे नव्हते

(सांगलीत ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका निवृत्त परिसेविकेनं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मिरज दवाखान्यांचं गाव आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको. 1894 साली वॉन्लेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातली, कोकणातली माणसं उपचाराला इथं उतरतात. मोडलेलं हाड, अडलेलं हृदय, सगळ्याला इथं इलाज आहे. पण ज्या म्हाताऱ्या माणसाला आधीच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे, त्याला कशासाठीही भरती केलं की वेगळंच सुरू होतं. खुब्याचं ऑपरेशन चांगलं होतं. तिसऱ्या रात्री आबा सलाईन उपसून काढतात, कॉटवरून उतरायला बघतात, "म्हशीची धार काढायची राहिली" म्हणतात. घरचे म्हणतात, वात झाला. वॉर्डात कुणी म्हणतं, वय झालं, डिमेन्शिया वाढला.

डिमेन्शिया एका रात्रीत वाढत नाही. तो महिन्यांनी, वर्षांनी सरकतो. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत माणूस बदलला, सकाळी बरा आणि संध्याकाळी भलतंच, असं वरखाली होत असलं, तर त्याला डेलिरियम म्हणतात. त्यामागं बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते शोधलं तर सापडतं. लघवीतला जंतुसंसर्ग, छातीत कफ, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं. चार दिवस शौचाला न होणं. तुंबलेली लघवी. अंग खाजतंय म्हणून दिलेलं अ‍ॅव्हिलसुद्धा या मेंदूला झेपत नाही. उलटंही होतं. आबा घरी वर्षानुवर्षं झोपेची अल्प्राझोलाम घेत होते, भरती करताना कुणी सांगितलंच नाही, ती एकदम बंद पडली. आणि आजीची मिश्री! ती तर कुठल्याच केसपेपरवर नसते. तंबाखू अचानक थांबला की जीव बेचैन होणारच. सुनेला माहीत असतं, पण डॉक्टरांसमोर सांगायची लाज वाटते. लाजू नका.

आरडाओरडा करणारा पेशंट निदान सगळ्यांना दिसतो. मला जास्त भीती वाटायची ती गप्प पडून राहणाऱ्याची. जेवण चुकवतो, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडतो. "आजी शांत आहेत, काही त्रास नाही" म्हणून राउंड पुढं जातो. हाही डेलिरियमच असू शकतो, आणि तो नेमका नजरेतून सुटतो.

आता कळीची गोष्ट. डॉक्टरांनी हा माणूस काल पाहिला, तुम्ही चाळीस वर्षं पाहिलाय. तो बदलला हे तुम्हीच सांगू शकता. "बघा ना हो, कसं करतायत" एवढ्यावर थांबू नका. "आबा काल असे नव्हते, काल दुपारी त्यांनी मला नावानं हाक मारली होती," असं सांगा. या एका वाक्यावर तपासणीची दिशा बदलते.

1999 साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शेरॉन इनूये यांनी 852 वृद्ध रुग्णांवर एक अभ्यास केला. नवं औषध काही नव्हतं. दिवस-वार सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं, उठवून चालवणं, रात्री झोपू देणं, एवढंच. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के लोकांना डेलिरियम झाला, तर जिथं हे केलं तिथं 9.9 टक्के. तिथं या कामासाठी स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले. 2014 साली ब्रिटनमध्ये 'जॉन्स कॅम्पेन' सुरू झालं, तेही डिमेन्शियाच्या रुग्णाजवळ घरच्या माणसाला थांबू द्या या मागणीसाठी. आपल्याकडं नातेवाईक आधीच कॉटखाली चटई टाकून झोपलेला असतो! आणि आपण त्याला काय करतो? राउंडच्या वेळी बाहेर काढतो. आयसीयूत तर तो जिन्यावरच. बाकीच्यांचं ठीक आहे, पण डिमेन्शियाच्या रुग्णाजवळ एक ओळखीचं माणूस आयसीयूतही हवं, यासाठी भांडायची माझी तयारी आहे.

एक म्हणजे एकच. सकाळी थोरला, दुपारी पुतण्या, रात्री पैसे देऊन ठेवलेला माणूस, असं नको. जतकडच्या एका आजी घरात सुनेशी मराठीच बोलायच्या. आजारात त्या कन्नडवर गेल्या. रात्रीच्या बाईंनी सांगितलं, म्हातारी बरळतेय. त्या 'नीरु' म्हणत होत्या, पाणी मागत होत्या. शेवटी शेजारच्या कॉटवरच्या, कर्नाटकातल्या अथणीच्या बाईनं ते ओळखलं.

आणि ते भेटायला येणारे! गाडी भरून आठ जण येतात, कॉटभोवती उभे राहतात आणि एकेक जण परीक्षा घेतो, "ओळखलं का मला? कोण मी?" त्या माणसाला ओळखता येत नाही म्हणून तर तो घाबरलाय. "आबा, मी रघू, तुमचा भाचा" असं सांगून टाकावं, विषय संपला. म्हशीची धार काढायची म्हणाले तर "म्हैस कधीच विकली" हा वाद घालू नये. "किती दूध द्यायची हो?" विचारा, बोलता बोलता खाली बसतात.

हात बांधण्याबद्दल सांगते. वॉर्डात माणसं कमी असतात, मी ते दिवस काढलेत, त्यामुळं मी कुठल्याही सिस्टरला नावं ठेवणार नाही. पण कॉटच्या दांडीला पट्टीनं बांधलेला हात माणसाला आणखी पिसाळवतो. आधी विचारा, ही लघवीची नळी अजून लागते का? कितीदा ती नुसती राहून गेलेली असते. दुखतंय का ते बघा. त्यांना सांगता येत नाही, पण कूस बदलताना तोंड वाकडं होतं, हात झिडकारतात. खुब्याला टाके असलेल्या माणसाला झोपेचं औषध देण्याआधी वेदनेचं औषध पोचलंय का, हे बघायला हवं.

शांत करायला हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन अशी औषधं देतात. कधी ती खरोखर लागतात. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं क्वेटियापिनसारख्या औषधांबद्दल 2005 साली आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबद्दल 2008 साली दिलाय. म्हणून डोस थोडा, दिवस थोडे. आणि खरी चूक होते ती डिस्चार्जला. वॉर्डात दोन रात्रींपुरती सुरू केलेली गोळी डिस्चार्ज कार्डावर तशीच उतरते, गावातला मेडिकलवाला ती महिन्यामागून महिना देत राहतो, आणि वर्षभरानं घरचे सांगतात, दवाखान्यातून आणल्यापासून आबा उठतच नाहीत. कार्ड हातात घेतलं की प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ही कधी बंद करायची? तारीख पेनानं लिहून घ्या, आणि मगच रिक्षा बोलवा.