पोचा आलेली पुंगळी

(दृश्य : टेबलावर रिकामी पुंगळी. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

ही रायफलची पुंगळी. गोळी केव्हाच निघून गेली, दारू जळून गेली, उरलं ते हे पितळ. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पोटावर एक पोचा आहे, तुरीच्या डाळीचा दाणा बसेल एवढा. हा पोचा घेऊन ही पुंगळी पुन्हा भरता येईल का?

पोचा उथळ असेल, कडा गोलसर असतील, तर येते. बार उडतो तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला ५० ते ६० हजार पौंडांपर्यंत चढतो. त्या दाबानं पितळेची भिंत फुगून चेंबरला, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून पुंगळी ओढून बाहेर काढता येते. भिंतीला बाहेर रेटणारा हा दाब पोच्यालाही रेटतो. एका बारात पोचा गायब!

(दृश्य : पुंगळ्यांची रास, एकेक उचलून पाहणारा हात.)

असे पोचे येतात कुठून? स्वयंचलित रायफल पुंगळी अशी भिरकावते, की ती जाता जाता रायफलच्याच अंगावर आपटते. कधी तोंड चेपतं. तोंड चेपलेलं असलं तरी फार बिघडत नाही. भरण्याआधी पुंगळी मापात आणायला साच्यात दाबतात, त्यातून काढताना साच्यातला गोळा तोंड पुन्हा गोल करतो. काही पोचे तर भरणारा स्वतःच पाडतो. साच्यात घालण्याआधी पुंगळीला वंगण लावतात, ते जास्त झालं की खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथं, अडकतं. तेल दाबलं जात नाही, पितळ दबतं.

घडी पडलेला, धारदार पोचा मात्र वेगळा. तिथं धातू दुमडलेला असतो आणि उलगडताना चिरतो. अशी पुंगळी सरळ भंगारात टाकायची.

पण आमच्या मते लोक चुकीच्या जागी बघत बसतात. पोचा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची धास्ती. खरी भीती आहे बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूला. पुंगळी पुन्हा पुन्हा भरली, दर वेळी ताणली गेली, की तिथं भिंत पातळ होत जाते. बाहेरून कधीकधी एक चकचकीत कडं दिसतं, कधी तेही नाही. जाणकार टोक वाकवलेली बारीक तार आत सोडतात आणि भिंतीवरून वर ओढतात. तार खाचेत अडकली, तर पुंगळी बाद. ती भरली आणि बारात बूड तुटलं, तर तापलेला वायू मागे येतो.

(दृश्य : तांबटाच्या हातोडीचे ठोके.)

पितळ ठोकलं की कडक होतं, हे तांबटाला कुणी सांगावं लागत नाही. तो मधूनमधून ताव देतो, म्हणजे तापवून मऊ करतो. पुंगळी भरणारेही मानेला असाच ताव देतात, नाहीतर चार-सहा वापरांत मान चिरते. ताव फक्त मानेला. बूड मऊ पडलं तर ते दाब सोसणार नाही.

मान चिरण्याचं आणखी एक कारण याच देशात उघड झालं. इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असायची. पाऊस सरला की न वापरलेल्या काडतुसांच्या माना तडकलेल्या निघायच्या. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत आधीपासून राहिलेला ताण, तिन्हींचा हा खेळ. १९२१ साली ब्रिटिश संशोधकांनी त्याची नीट उकल केली. तबेले आपल्या मराठवाड्यातही कमी नव्हते. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. आज रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यानंही हे ध्यानात ठेवावं : काडतुसं गोठ्यात ठेवू नयेत. गोमूत्रातूनही अमोनिया सुटतोच.

(दृश्य : फायरिंग रेंज, मातीचा बंधारा.)

आता कायद्याचं. पुंगळ्या घरी भरण्याचा छंद अमेरिकेत अनेक घरांत चालतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. यूट्यूब बघून कुणी उद्योग सुरू करू नये. एनसीसीच्या शिबिरात वापरतात ती .२२ची पुंगळी तर या भानगडीतच येत नाही. तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन आपटली की ती कडच चेपते. नवी टोपी, म्हणजे पिन आपटताच पेटणारी छोटी वाटी, बसवायला जागाच नाही. मोठ्या रायफलीच्या पुंगळीत टोपी मधोमध असते, पण तिथंही दोन जाती. बॉक्सर पद्धतीत बुडाला मध्ये एक छिद्र असतं, सुईनं जुनी टोपी ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत बाजूला दोन बारीक छिद्रं. सुई शिरत नाही, भरणारा कंटाळतो.

जालना आणि हिंगोलीला राज्य राखीव पोलिस बलाचे गट आहेत. अशा दलांत सराव संपला की पुंगळ्या वेचून, मोजून जमा करायच्या असतात. मोजणाऱ्याला पोच्याशी देणंघेणं नसतं. जेवढ्या गोळ्या दिल्या, तेवढ्या पुंगळ्या परत हव्यात. एक कमी पडली, तर गवत उपसून शोधायची.