दारावरचा कीर्तिमुख

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या घराच्या दारासाठी पितळी कडी किंवा मूठ बघायला गेलात, की दुकानदार सिंह, मकर, नाग, याळी असे प्राणी समोर मांडतो. मुरादाबाद आणि अलीगढचे कारागीर असा माल पिढ्यान्‌पिढ्या ओतत आले आहेत. आपण म्हणतो, छान नक्षी आहे. पण दाराची राखण हे या मंडळींचं जुनं काम आहे. देवळात ती कधीपासून करताहेत.

कीर्तिमुखाचंच, म्हणजे देवळातल्या त्या नुसत्या राक्षसी तोंडाचंच बघा ना. जालंधर नावाच्या असुराने राहूला शंकराकडे पाठवलं आणि निरोप दिला, पार्वती मला द्या! शंकराच्या भुवयांमधून एक भुकेला राक्षस निघाला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडवलं. राक्षस म्हणाला, मग मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःला खा. त्याने हातपाय खाल्ले, धड खाल्लं, नुसतं तोंड उरलं. शंकर प्रसन्न झाले आणि म्हणाले, तू कायम माझ्या दाराशी राहा. आपल्याकडच्या जुन्या शिवमंदिरांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर तो कोरलेला दिसतो.

म्हणून त्याला बहुधा खालचा जबडा नसतो. वटारलेले डोळे, फुगलेले गाल आणि वरच्या दातांची रांग, एवढंच. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ मुखवट्यांना मात्र पूर्ण जबडा असतो. त्याला मी सरळ सिंह म्हणेन. सिंहही काही वाईट नाही, पण कीर्तिमुख हवा असेल तर हनुवटी बघून घ्या.

या तोंडात कडं छान बसतं. मकराची वळलेली सोंड किंवा याळीचं लांब अंग मुठीला सोयीचं. मकर म्हणजे सोंडेची काल्पनिक मगर. याळी म्हणजे सिंहाचं शरीर, आणि बऱ्याचदा हत्तीची सोंड. मूठ घेताना एकदा घट्ट धरून ओढून बघा. कान, दात, नखं तळव्याला टोचत असतील तर नक्षी कितीही देखणी असो, रोज शिव्या खाईल.

मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात दिलेली आहे. आज ढिगाने निघणारा माल बहुतेक वाळूच्या साच्यातला. त्यात बारकावे थोडे बोथट होतात, मग कारागीर छिन्नी-कानस घेऊन बसतो. दातांमधल्या फटी आणि डोळ्यांच्या कडा बघा; तिथे हात फिरला की नाही ते लगेच कळतं.

खिशात लोहचुंबक असू द्या. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला, तर वरचा मुलामा पितळेचा आणि आत लोखंड. स्क्रूही पितळीच मागा, कारण पितळेला लागून असलेलं लोखंड ओलाव्यात लवकर गंजतं. चिंचेने घासलंत तर लगेच धुवा; आंबट जास्त वेळ राहिलं की पितळ तांबूस पडतं.

आणि दार दोन फळ्यांचं असेल, तर याळींची जोडी डावी-उजवी सांगूनच घ्या. नाहीतर एक याळी येणाऱ्या पाहुण्याकडे बघेल आणि दुसरी भिंतीकडे.