पोटाला काय करतोस, बाबा?

नमस्कार श्रोतेहो.

पिक्चर सुटला की कोल्हापुरात त्याचा निकाल पार्किंगमध्येच लागतो. गाडी स्टँडवरून काढता काढता एक जण म्हणतो, ‘लई भारी!’ दुसरा म्हणतो, ‘पैसं गेलं की रं!’ आणि तिसरा, जो इंटरव्हलनंतर गाढ झोपला होता, तो सगळ्यांत जास्त बोलतो. पिक्चरला बक्षिसं किती मिळाली, पेपरात काय छापून आलं, याला तिथं काडीची किंमत नसते. मला ही पद्धत पसंत आहे. आज मीही तेच करणार आहे. अलीकडं जे काही बघितलं, थोडं थिएटरात आणि थोडं पोरानं घेतलेल्या मोठ्या टीव्हीवर, त्याबद्दल पार्किंगमध्ये बोलावं तसं बोलणार आहे.

आधी माझी खोड सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझी उमेदीची वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर गेली. टर्नर होतो, म्हणजे लोखंड कातायचो. त्यामुळं पडद्यावर माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या हातावर जाते. हिरो मेकॅनिक असतो, गालाला काळं फासलेलं असतं, पण पाना धरतो तो चमचा धरल्यासारखा. शेतकरी असतो, पण अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही रानात वाकत नाही. घर दुमजली, कपडे कडक इस्त्रीचे, आणि दिवसभर नुसतं प्रेम. मग माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो: अरे बाबा, तू पोटाला काय करतोस? याचं उत्तर मिळालं नाही की माझं लक्ष पिक्चरमधून उडालंच म्हणून समजा.

या खोडीपायी मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते ‘स्थळ’नं. जयंत दिगंबर सोमलकरांचा हा पिक्चर, २०२५ च्या मार्चमध्ये लागला होता. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव आणि बहुतेक माणसं तिथलीच, आधी कॅमेऱ्यासमोर कधी उभीही न राहिलेली. सविता नावाची पोरगी आहे. शिकतेय, स्पर्धा परीक्षा द्यायचं मनात आहे. घरात मात्र तिच्या लग्नाची घाई. पाहुणे येतात, पोरीला स्टुलावर बसवतात, आणि सुरू: नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची. पोहे खाऊन पाहुणे जातात. मग निरोप येतो की रंग सावळा आहे, उंची कमी आहे. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तोच स्टूल, पुन्हा तेच प्रश्न. विचारणाऱ्यांचे चेहरे बदलतात, प्रश्न मात्र साच्यातून काढल्यासारखे तेच राहतात.

पण मला त्यात पोरीइतकाच तिचा बाप दिसला. कापूस पिकवणारा माणूस. घरात कापूस आहे, बाजारात भाव नाही, आणि भाव नाही तोवर लग्नाचा खर्च कुठून काढायचा? आपल्याकडं कापूस नाही, ऊस आहे, पण हिशोब तोच. कारखान्याकडून उसाची पहिली उचल किती जाहीर होते त्यावर करवीर, कागल, शिरोळात किती लग्नांच्या तारखा ठरतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या बापाला दिग्दर्शकानं रडवलं नाही, भाषण करायला लावलं नाही. नुसतं त्याचं रोजचं चाललेलं दाखवलं, आणि ते पुरेसं झालं.

एक तक्रार मात्र आहे. मधल्या भागात पाहुण्यांचा एक कार्यक्रम कमी केला असता तरी चाललं असतं, असं मी आमच्या मंडळींना म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या आधी आमच्या घरी कितीजण पोहे खाऊन गेले, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे?’ यावर मी गप्प बसलो, पण मत बदललेलं नाही. एक कार्यक्रम जास्तच आहे.

आणि हा पिक्चर आमच्या गावात बघायचा म्हणजे कसरत होती. ज्या मल्टिप्लेक्सला गेलो तिथं त्याला दिवसातून एकच खेळ, तोही भर दुपारचा. कामावरचा माणूस दुपारी येणार कसा? मग हेच लोक म्हणणार, मराठीला गर्दी होत नाही. असो. यावर बोलायला लागलो तर माझा सगळा वेळ इथंच संपेल.

‘दशावतार’ला मात्र गर्दी होती, आणि ती योग्य होती. सुबोध खानोलकरांचा पिक्चर, दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री. कोकणातल्या दशावतारी नाटकांतला कलावंत, वय झालेलं, नजर अधू होत चाललेली, आणि पोराचं म्हणणं, आता बास. तिकडं सिंधुदुर्गात या मंडळींबद्दल एक म्हण आहे: रात्री राजा आणि सकाळी कपाळावर बोजा. रात्रभर देवळासमोर राजा व्हायचं आणि उजाडलं की स्वतःचाच पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालू लागायचं. संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी सुचतील तसे बोलायचे. म्हणजे कसब सगळं अंगात मुरलेलं. प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर हे केलंय. रंग लावताना, वेश चढवताना त्यांचं अंग कसं बदलतं ते बघा. ओठाच्या कडेवरून बोट फिरतं, मान ताठ होते, आणि म्हातारा उठून उभा राहतो तो दुसराच कुणीतरी. आमच्याकडं जुना कारागीर डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यावरही नुसतं बोट फिरवून सांगायचा, जॉब केसभर जास्त आहे. तीच जात.

इंटरव्हलपर्यंत मी त्या पिक्चरच्या प्रेमात होतो. नंतर खाणवाले येतात, बदला येतो, संगीत इतकं चढतं की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागेल. वाईट आहे असं म्हणत नाही, शिट्ट्या पडत होत्या आणि त्यातली एखादी माझीही असेल. पण जो माणूस मी पहिल्या अर्ध्यात ओळखायला लागलो होतो, तो दुसऱ्या अर्ध्यात अवतारांच्या गर्दीत हरवला. मला त्याच्या घरात अजून थोडं बसायचं होतं.

आता आडनावावरून आठवलं. आपले कोल्हापूरचे जुने सिनेमावाले बाबूराव पेंटरही मूळचे मेस्त्रीच. बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव यांचा धंदा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचा, म्हणून पेंटर. या दोघांनी सिनेमाच्या नादानं कॅमेराच स्वतः बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. पुढं विष्णुपंत दामले बाबूरावांच्या जोडीला आले आणि कॅमेरा पुरा झाला. तानीबाई कागलकरांनी पैशाचा आधार दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० ला ‘सैरंध्री’ आला. खरी कॉर्नरला जो कॅमेरा उभा केलाय तो याच कामाची आठवण. आपण त्याला वळसा घालून रोज जातो. मला विचाराल तर त्या कॅमेऱ्याचे गिअर कुणी कातले, कशावर कातले, कितीदा बिघडले, यावर एक अख्खा पिक्चर निघेल. मी पहिल्या खेळाला जाईन.

बाबूरावांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी, जो शेवटी शहरात गिरणीवर मजूर होतो. ते काम केलं होतं तरुण व्ही. शांतारामांनी. मूकपट, आणि आज तो बघायला मिळत नाही. ज्यांनी तेव्हा बघितला ते लोक त्यातली एक अंधारी झोपडी आणि भुंकणारं कुत्रं आयुष्यभर विसरले नाहीत. राजे-देव यांच्या गोष्टी चालत असलेल्या काळात या गड्यानं पडद्यावर प्रश्न विचारला की शेतकऱ्याचं पोट कसं चालतं. शंभर वर्षं झाली. तेव्हा माझी खोड तशी एकट्या माझी नव्हे, गावाचीच आहे.

हे सगळं डोक्यात असल्यामुळं असेल, पण ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ बघताना मी खुर्चीच्या टोकावर होतो. हिंदी आहे, रीमा कागतींचा. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं गाव. तिथला नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा, दोन व्हीसीआर जोडून दुसऱ्यांच्या पिक्चरची कापाकापी करायचा, आणि पोलिसांची धाड पडल्यावर म्हणाला, मग आपणच पिक्चर काढू. ही खरी घडलेली गोष्ट आहे. ट्रॉली नाही तर सायकल. पैसे नाहीत तर मित्र. दिवसा माग चालवणारी पोरं रात्री नट. पिक्चर मधेमधे जरा जास्त गुळगुळीत होतो, मुंबईच्या हातानं केलेलं मालेगाव आहे हे जाणवतं. तरी मागाचा खडखडाट, त्या आवाजात मोठ्यानं बोलायची त्या पोरांची सवय, हे ज्यानं दाखवलं त्याला कारखाना ठाऊक आहे. आम्हीही घरी आल्यावर तासभर ओरडूनच बोलायचो. बायको विचारायची, भांडून आलाय काय?

‘आता थांबायचं नाय’बद्दल थोडक्यात सांगतो. शिवराज वायचळ दिग्दर्शक. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत बसून दहावी होतात, ही हकीकत तिथं खरोखर घडली होती. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघंही उत्तम, आणि उगाच विनोद करायला धावले नाहीत. गटारात उतरणारा माणूस बाकावर बसतो आणि पेन धरताना त्याची बोटं आखडतात. ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्यालाच कळेल की पेन किती बारीक वस्तू आहे. हे बघून मी हललो. मग पाठीमागून व्हायोलिनं सुरू झाली. अहो, आम्हाला रडू येतच होतं, तुम्ही कशाला ढकलताय? ही सवय मराठी पिक्चरवाल्यांनी सोडावी. गोष्टीवर भरवसा नसला की संगीताचा आवाज वाढतो.

ऐतिहासिक पिक्चरबद्दल मुद्दाम नावं घेत नाही, उगाच कुणाचं मन दुखायला नको. एवढंच म्हणतो की तलवार सगळेच चालवतात. घोड्याला दाणा-वैरण कोण देतो, नाल कोण ठोकतो, दारूगोळा कोण कालवतो, हजार माणसांच्या भाकरी कुठं थापल्या जातात, हे एकदा तरी दिसू दे. गडावर नुसत्या घोषणांनी कुणी दिवस काढले नसतील. ज्या गावात जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी असे पिक्चर काढले, त्या गावातला प्रेक्षक म्हणून एवढं मागायचा हक्क आहे आपल्याला.

शेवटचा ‘साबर बोंडं’. रोहन कानवडेंचा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सनडान्सच्या महोत्सवात परदेशी कथापटांमधलं पहिलं बक्षीस घेऊन आला. मुंबईला कॉल सेंटरात काम करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथं त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, शेती आणि शेरडं सांभाळणारा. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. गोष्ट एवढीच. मागे संगीत नाही, कॅमेरा हलत नाही, आणि कुणी कुणाला मारायला धावत नाही. शेजारच्या रांगेतली दोन पोरं आधी फिदीफिदी हसत होती, नंतर गप्प झाली. माझं म्हणाल, तर मला त्यात शेरडं, ओसरी, सुतकातलं जेवण, ‘आता लग्नाचं बघा’ म्हणून मागं लागणारे भावकीतले लोक, हे इतकं ओळखीचं वाटलं की ते दोन गडी वेगळे असे वाटलेच नाहीत. बाळ्या निवडुंगाचं बोंड काटे काढून आनंदला देतो. ते काटे कसे काढायचे हे त्या नटाला येतं, एवढं मी खात्रीनं सांगतो. गती मात्र सावकाश आहे. जेवून लगेच बघायला बसू नका.

आमच्या मंडळींचा निकाल माझ्यापेक्षा वेगळा आहे. त्यांच्या मते पहिला नंबर ‘दशावतार’, कारण दोन घटका जग विसरायला झालं. ‘साबर बोंडं’मधली आई त्यांना सगळ्यांत शहाणी वाटली, आणि मी म्हणतो ते पाना, गिअर, घट्टे यातलं त्यांना काही दिसलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पिक्चर बघायला गेलं तर पिक्चर बघावा, कामाची तपासणी करत बसू नये. पण रेडिओनं आज बोलावलंय मला. त्यांना बोलावतील तेव्हा त्या त्यांचं सांगतील, आणि तेव्हा मला घरात रेडिओ बंद करता येणार नाही. नमस्कार.